शाळकरी मल्लांचा प्रलंबित दावा

६४ कुस्त्या आणि पराभव शून्य. १३७ कुस्त्या आणि पराभव शून्य. १७९ कुस्त्या आणि पराभव शून्य. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ज्यांना कुस्तीचे वेड आहे, अशा मंडळींपुढे हे तीन आकडे नुसते उच्चारले, तरी त्यांपैकी कोणता आकडा कोणत्या मुलाच्या नावावर जमा आहे हे त्यांना सांगावे लागत नाही. आणि तिघांत श्रेष्ठ कोण असा प्रश्न कोणी टाकलाच, तर पुढचे दोन तास इतर कोणताही विषय निघत नाही. पहिला आकडा आयोवा राज्यातील डॅन गेबलचा, दुसरा पेनसिल्व्हेनियातील केरी कोलॅटचा आणि तिसरा मेरीलँडमधील काइल स्नायडरचा. तिघांनीही हे आकडे मिसरूड फुटण्याच्या वयात, शाळेच्या नावाने लढताना मिळवले.

आपल्याकडे कोल्हापुरातल्या एखाद्या तालमीच्या कट्ट्यावर श्रीपती खंचनाळे थोर की गणपतराव आंदळकर, असा विषय निघाला म्हणजे जी कचेरी भरते, तिच्यातही साक्षीदारांची वाण नसते आणि फैसल्याची घाई कोणालाच नसते. परंतु आपला वाद पुऱ्या वाढलेल्या, हिंदकेसरीची गदा खांद्यावर घेतलेल्या मल्लांविषयी असतो. शाळेच्या पटावर नाव असलेल्या, सकाळी भूमितीचा तास आणि संध्याकाळी मॅटवरचा सराव अशा दिनक्रमातून जाणाऱ्या मुलांच्या कर्तबगारीचा हिशेब पन्नास-साठ वर्षे जपून ठेवावा आणि त्यावरून वडीलधाऱ्या माणसांनी आपापसांत भांडावे, ही अमेरिकेतली तऱ्हा आपणांस नवलाची वाटणे साहजिक आहे. ती समजून घ्यावयाची, तर तेथील शालेय कुस्तीचा शिरस्ता थोडा तपशिलाने पाहावा लागेल.

अमेरिकेत कुस्ती तालमीत नव्हे, शाळेत वाढते. नववी ते बारावी या चार इयत्तांच्या विद्यालयांतून हिवाळ्यात कुस्तीचा हंगाम चालतो. शाळेचा स्वतःचा संघ, पगारी प्रशिक्षक आणि व्यायामशाळेत अंथरलेली मॅट असते. आणि आज अडीच लाखांहून अधिक विद्यार्थी या खेळात भाग घेतात. सर्वांत जड वजनगटाची मर्यादा २८५ पौंड. कुस्ती दोन-दोन मिनिटांच्या तीन डावांची, आणि दोन्ही खांदे दोन सेकंद मॅटला टेकवून धरले की निकाली. इथपर्यंत आपल्या वाचकास अपरिचित असे फारसे नाही. भेद आहे तो पुढे. ऑलिंपिकमधील मुक्त शैलीत प्रतिस्पर्ध्याची पाठ क्षणभर मॅटकडे वळवली तरी गुण मिळतात. अमेरिकन शाळांतील देशी शैलीत मात्र कब्जा हाच सर्व शास्त्राचा पाया मानला जातो. वरच्याने खालच्यास दाबून धरावे, खालच्याने निसटावे किंवा उलटून वर यावे, आणि निसटण्यालाही स्वतंत्र गुण असावा, अशी ही पद्धत आहे. तीत वाढलेला मुलगा खाली सापडल्यावर हताश होऊन पडून राहत नाही. सुटकेची धडपड हे त्याला रोजच्या सरावात शिकवलेले कर्तव्य असते.

या सर्व व्यवस्थेत एक मोठी उणीव आहे, आणि वादाचे मूळ नेमके तेथेच आहे. प्रत्येक राज्य आपापला शालेय विजेता ठरवते; परंतु सर्व राज्यांच्या विजेत्यांना अधिकृतपणे एकमेकांपुढे उभे करणारी शालेय राष्ट्रीय स्पर्धा तेथील शाळांची मध्यवर्ती संघटना भरवीतच नाही. उन्हाळ्यात फार्गो येथे होणाऱ्या कुमार स्पर्धेसारखे फड आहेत. पण ते शाळेच्या हंगामाबाहेरचे आणि वेगळ्या शैलीचे. त्यातही एका राज्याचे माप दुसऱ्यास लागू पडत नाही. कॅलिफोर्नियात आणि न्यू जर्सीत लहान-मोठ्या सर्व शाळांचा मिळून प्रत्येक वजनगटात एकच विजेता; आयोवात शाळांच्या आकारमानाप्रमाणे तीन वर्ग आणि म्हणून एकाच वजनाचे तीन विजेते. मग कॅलिफोर्नियातील एक विजेतेपद आयोवातील किती विजेतेपदांच्या बरोबरीचे? या विनिमयाचा दर ठरवणारी पेढी कोठेच नाही, आणि म्हणून प्रत्येक जण आपल्या गावचे नाणे खणखणीत आहे असे शपथेवर सांगू शकतो.

आता मूळ दावेदारांकडे वळू. डॅन गेबल हा वॉटर्लू या औद्योगिक गावातल्या वेस्ट हायस्कूलचा विद्यार्थी. बॉब सिडन्स या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्याने १९६४, १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ तीन वर्षे राज्याची विजेतेपदे मिळवली, आणि त्यांतले पहिले अवघ्या ९५ पौंडांच्या गटात, म्हणजे आपल्या हिशेबाने त्रेचाळीस किलोंच्या आसपासचा तो पोर होता. विजेतेपदे तीनच का, चार का नाहीत, असे नवख्याने विचारले की आयोवाकर हसतात. कारण गेबलच्या शाळेत दहावी ते बारावी असे तीनच वर्ग होते, आणि नववीतल्या मुलास वरच्या शाळेच्या संघाची वाटच खुली नव्हती. त्याच राज्यात ब्रिट या लहानशा गावच्या बॉब स्टीनलेजने १९६२ सालीच चौथे विजेतेपद मिळवून आयोवातला पहिला चौकडीवीर होण्याचा मान घेतला होता. म्हणजे शाळेची रचना बदलली की मल्लाच्या कीर्तीचा अंकही बदलतो. मुलाचा पराक्रम तेवढाच राहतो.

गेबलच्या शालेय काळावर एक काळी छाया आहे, आणि तिचा उल्लेख टाळून त्याच्याविषयी लिहिणे अपुरे होईल. १९६४ च्या मे अखेरीस, आईवडील व तो मासेमारीसाठी बाहेरगावी गेले असताना, घरी एकट्या राहिलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीचा खून झाला. त्या घरात पुन्हा राहणे आईवडिलांना असह्य झाले असता या मुलाने हट्टाने बहिणीची खोली आपली केली आणि कुटुंबास तेथेच टिकवून धरले. त्याच्या पुढील अमानुष सरावाचे मूळ या प्रसंगात शोधण्याचा मोह अनेकांना झाला आहे. प्रस्तुत लेखकाला असे सोपे कार्यकारणभाव फारसे मानवत नाहीत. गेबल त्यापूर्वीही सराव करीतच होता आणि त्यापूर्वीच राज्यविजेता झालेला होता. परंतु मॅटवर उभे राहणे हे त्याच्या दृष्टीने त्यानंतर केवळ क्रीडा राहिले नसावे, एवढे मान्य करणे भाग आहे.

शाळेतल्या ६४ विजयांस आयोवा स्टेट विद्यापीठातले ११७ जोडले की १८१ होतात. आणि मग तो प्रसिद्ध पराभव येतो. १९७० साली इव्हान्स्टन येथे महाविद्यालयीन कारकिर्दीच्या अगदी शेवटच्या कुस्तीत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लॅरी ओविंग्सने त्याला १३–११ असे गुणांवर हरवले. या ओविंग्सची कथा आपल्या विषयास फार जवळची आहे, कारण दोन वर्षांपूर्वी, स्वतः शाळकरी असताना, ऑलिंपिकच्या निवड-स्पर्धेत तो याच गेबलकडून हरलेला होता. शाळेतल्या मुलाने विद्यापीठाच्या अजिंक्य मल्लापुढे शड्डू ठोकण्याचे धाडस केले, हरला, आणि हरताना जे शिकला त्याची परतफेड सव्याज केली. गेबलने ती हार पचवली ती १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये, जेथे सहा कुस्त्यांत प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण न देता त्याने ६८ किलो गटात सुवर्णपदक घेतले. आणि पुढे आयोवा विद्यापीठाचा प्रशिक्षक या नात्याने एकवीस वर्षांत पंधरा राष्ट्रीय विजेतेपदे संघास मिळवून दिली.

पण येथेच एक सावधगिरी हवी. गेबलला सर्वश्रेष्ठ शाळकरी मल्ल ठरवणारे लोक बहुधा म्युनिकच्या पदकाच्या उजेडात वॉटर्लूची वही वाचतात. उत्तरायुष्यातील कीर्तीची पावती बाल्यावस्थेच्या खात्यात मागाहून जमा करण्याचा हा व्यवहार कोणताही प्रामाणिक कारकून मंजूर करणार नाही. शालेय मल्ल म्हणून गेबल अत्युत्तम होता. परंतु ९५ ते ११२ पौंडांच्या गटांत, एकाच राज्याच्या सीमेत मिळवलेल्या ६४ विजयांचे वजन तेवढेच धरले पाहिजे.

केरी कोलॅटची बाजू याच्या नेमकी उलट आहे. पेनसिल्व्हेनियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, कोळशाच्या खाणींच्या प्रदेशात, ग्रीन परगण्यात जेफर्सन-मॉर्गन नावाची एक लहान शाळा आहे. १९८९ ते १९९२ या चार हंगामांत या शाळेच्या एका मुलाने १३७ कुस्त्या केल्या, सर्व जिंकल्या, राज्याचे विजेतेपद चारही वर्षे घेतले, आणि त्या राज्याच्या कुस्तीचा एक मानदंडच निर्माण करून ठेवला. पेनसिल्व्हेनिया म्हणजे या खेळाची पंढरी. तेथे जिल्हा, प्रादेशिक आणि राज्य अशा चाळण्यांतून पार पडणाऱ्या मुलास इतर कित्येक राज्यांतल्या विजेत्यांपेक्षा अवघड वाट तुडवावी लागते. कोलॅटच्या कुस्तीविषयी जाणकार बोलू लागले की आकड्यांपेक्षा त्याच्या लढण्याच्या वृत्तीविषयीच अधिक बोलतात. गुणांची आघाडी मिळाल्यावर बहुतेक मल्ल सावध होतात. हा मात्र अधिकच अंगावर जाई.

पुढे त्याचे दैव मात्र रुसले. लॉक हेवन विद्यापीठाकडून १९९६ व १९९७ साली तो राष्ट्रीय विजेता झाला, १९९७ च्या जागतिक स्पर्धेत रौप्य व पुढच्या वर्षी कांस्यपदक त्याने मिळवले. परंतु २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये इराणच्या मल्लाविरुद्ध जिंकलेली त्याची कुस्ती तक्रारीवरून रद्द झाली, पुन्हा लढवली गेली आणि त्या फेरलढतीत तो हरला. एकदा फैसला होऊन गेलेल्या मुकदम्याची पुन्हा सुनावणी व्हावी आणि तीत जिंकलेला पक्ष हरावा, हे कोर्टकचेऱ्या पाहिलेल्या आपल्या वाचकास अपरिचित नाही. त्या प्रसंगामुळे कोलॅटच्या नावामागे हळहळ कायमची चिकटली, आणि त्या हळहळीचा लाभ नकळत त्याच्या शालेय कीर्तीलाही झाला: ज्याचे पुढचे राज्य हुकले त्याच्या युवराजपदाचे पोवाडे अधिक गायले जातात. हा लाभही हिशेबातून वजा केला पाहिजे. तो वजा करूनही कोलॅटचा दावा फारसा उणावत नाही.

शून्य पराभवाविषयीच थोडे बोलणे अवश्य आहे. केल सँडरसन हा युटा राज्यातल्या हीबर सिटीच्या वासॅच हायस्कूलचा मुलगा. वडीलच त्याचे प्रशिक्षक. शाळेत चारदा राज्यविजेता, पण नोंद १२७ विजय आणि ३ पराभव. तोच मुलगा आयोवा स्टेट विद्यापीठात गेला आणि चार वर्षांत १५९ कुस्त्या लढून एकही हरला नाही, जे त्यापूर्वी कोणालाही साधले नव्हते. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदकही जिंकले. मग ज्यांच्या नावावर शाळेत शून्य आहे परंतु पुढे अनेक पराभव आहेत, ते मोठे, की ज्याने तीन हारी शाळेतच संपवल्या तो? ओहायोतील डेव्हिड टेलर आणि लोगन स्टीबर यांच्या वह्यांतही दोन आणि एक असे लहानसे डाग आहेत, आणि त्यांचे चाहते ते डाग पुसण्यासाठी जी कैफियत मांडतात ती ऐकण्यासारखी असते.

डागांतला सर्वांत हृद्य डाग स्पेन्सर लीचा. पेनसिल्व्हेनियातल्याच फ्रँकलिन रीजनल या शाळेचा हा मुलगा, शाळेत असतानाच कुमारांच्या जागतिक स्पर्धांत तीनदा विजेता ठरलेला, १४४ कुस्त्यांत अजिंक्य राहून २०१७ साली चौथ्या राज्यविजेतेपदाच्या अंतिम कुस्तीस उभा राहिला, तेव्हा त्याच्या गुडघ्याचा एक मुख्य अस्थिबंध फाटलेला होता. डॉक्टरी सल्ल्याचा आधार घेऊन न लढता घरी बसला असता, तर पराभवाचा रकाना कोराच राहिला असता. तो लढला आणि शेवटच्या क्षणांत ऑस्टिन डेसँटोकडून एका गुणाने हरला. शून्यपूजकांच्या दरबारात हा १४४–१ चा मुलगा खालच्या पायरीवर बसतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो त्यांतल्या पुष्कळांहून वरचा आहे. याच लीने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५७ किलो गटात रौप्यपदक घेतले. त्याला अंतिम फेरीत हरवणारा जपानी मल्ल रेई हिगुची याने उपांत्य फेरीत आपल्या अमन सेहरावतला रोखले होते, आणि अमनला कांस्यपदक मिळाले. शाळेतल्या लीची ती एका गुणाची हार ज्यांनी ऐकलेली नव्हती, अशा भारतीय प्रेक्षकांनीही त्या दिवशी त्याचे नाव ऐकले.

काइल स्नायडरच्या १७९ विजयांकडे आता पाहिले पाहिजे. मेरीलँडमधील गुड कौन्सेल या खाजगी कॅथलिक शाळेकडून तो तीनच वर्षे लढला. त्या तीन वर्षांत त्याला कोणीही पट काढून खाली आणू शकले नाही असे सांगतात. प्रतिपक्षाचा आक्षेप असा, की मेरीलँडच्या खाजगी शाळांची स्पर्धा म्हणजे पेनसिल्व्हेनियाची रणभूमी नव्हे. हा आक्षेप खोटा नाही. परंतु त्याचे उत्तर स्नायडरने मेरीलँडच्या बाहेर जाऊन दिले. २०१३ साली, सतराव्या वर्षी, बल्गेरियातील सोफिया येथे तो ज्युनिअर गटाचा जागतिक विजेता झाला. शाळेचे शेवटचे वर्ष त्याने कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील ऑलिंपिक प्रशिक्षण केंद्रात, प्रौढ मल्लांचा मार खात काढले. एकोणिसाव्या वर्षी जागतिक आणि विसाव्या वर्षी, रिओ येथे, ऑलिंपिक विजेतेपद घेऊन दोन्ही बाबतींत अमेरिकेचा सर्वांत तरुण विजेता ठरला. चौथे शालेय वर्ष सोडून दिल्यामुळे त्याची वही अपुरी राहिली असे म्हणणाऱ्यांना वही जपायची आहे, मल्ल नव्हे.

याच्या उलट टोकाला उभे आहेत ते उशिरा उमललेले. ओहायोतील चार्डनच्या ली केम्पने कुस्तीला हात घातला तोच नववीत. आणि विद्यापीठातला कोवळा विद्यार्थी असताना १९७५ साली त्याने खुद्द गेबलला हरवले. जॉर्डन बरोज न्यू जर्सीतल्या विन्स्लो टाउनशिप शाळेचा. राज्याचे विजेतेपद त्याला एकदाच, २००६ साली, मिळाले, आणि त्या वर्षीच्या नामांकित मुलांच्या यादीत अग्रभागी त्याचे नाव कोणी घालत नव्हते. त्याने पुढे एक ऑलिंपिक आणि सहा जागतिक सुवर्णपदके मिळवली. २०१५ साली लास वेगास येथील जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात बरोज सुवर्णपदकाच्या पायरीवर उभा होता, तेव्हा कांस्यपदकाच्या पायरीवर मुंबईत घडलेला, तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव उभा होता. आपल्या मातीशी या विषयाचा इतका प्रत्यक्ष स्पर्श क्वचितच आढळेल. परंतु बरोजला सर्वश्रेष्ठ शाळकरी मल्लांत गणणे म्हणजे पुन्हा मागाहून पावती फाडणेच होय. शाळेत तो चांगला होता, एवढेच.

मुलींचा प्रश्न या वादात अलीकडेच शिरला आहे, आणि जुन्या मंडळींनी त्याला खुशीने जागा दिली असे म्हणवत नाही. मुलींसाठी स्वतंत्र राज्यस्पर्धा हवाई बेटांनी १९९८ साली सुरू केली, पाठोपाठ टेक्साससारख्या मोठ्या राज्याने. तोवर ज्या मुलीस लढावयाचे असेल तिने मुलांशीच लढावे असा मामला होता. मेरीलँडच्या हेलन मारुलिसने तेच केले आणि मुलांच्या राज्यस्पर्धेत क्रमांक मिळवणारी ती त्या राज्यातली पहिली मुलगी ठरली. २०१६ साली रिओ येथे तिने तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांची मानकरी असलेल्या साओरी योशिदाला अंतिम फेरीत हरवले. मुलांच्या आकड्यांशी तिची तुलना करण्यास कोणते माप वापरावे हे ठरलेले नाही. पण वजनगट समान असला तरी ताकद समान नसलेल्यांशी वर्षानुवर्षे झगडणे हे १३७ विजयांपेक्षा सोपे होते असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

या सर्व गौरवगाथेचा एक काळोखा भाग आहे, त्याला मल्लांच्या भाषेत वजन तोडणे म्हणतात. वाढत्या वयाच्या मुलाने खालच्या गटात बसण्यासाठी उपाशी राहावे, पाणी तोडावे, उष्ण खोलीत रबरी कपडे घालून घाम गाळावा, हे पूर्वी प्रशिक्षकांच्या देखत, किंबहुना त्यांच्या हुकमाने चाले. १९९७ च्या अखेरीस तीन महाविद्यालयीन मल्ल अशाच प्रयत्नांत काही आठवड्यांच्या अंतराने मरण पावले, तेव्हा कोठे नियम कडक झाले. पुढे शाळांतही हंगामाच्या आरंभी शरीरातील पाण्याचे प्रमाण तपासून मुलाचे किमान वजन ठरवून देण्याची तजवीज झाली. जुन्या काळच्या वह्यांतील विजयांची बेरीज करताना त्या बेरजेखाली किती मुलांची वाढ खुंटली असेल, याचा रकाना कोणी आखलेला नाही. म्हाताऱ्या चाहत्यांना ‘आमच्या वेळची पोरे दणकट होती’ असे म्हणताना ऐकले की ही गोष्ट आठवते.

ज्या कसोटीकडे मी इतका वेळ सरकत आहे, ती आता स्पष्ट मांडतो. शाळकरी मल्लाचे श्रेष्ठत्व त्याच्या विजयांच्या संख्येवरून किंवा उत्तरायुष्यातील पदकांवरून ठरू नये. शाळेच्या पटावर नाव असतानाच तो कोणाच्या समोर उभा राहिला आणि तेथे त्याने काय केले, एवढ्यावरूनच ते ठरावे. आपल्याकडे ही कसोटी नवी नाही. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकलेल्या, गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची योग्यता शालेय बक्षिसांनी ठरली नाही. १९४८ साली लंडनला प्रथमच गादीवरच्या कुस्तीत जगातल्या मल्लांपुढे उभे राहून त्यांनी सहावा क्रमांक मिळवला तेव्हा ती दिसली, आणि १९५२ साली हेलसिंकीच्या कांस्यपदकाने तिच्यावर मोहोर उमटली. लंडनच्या तयारीत त्यांना गादीवरचे डाव शिकवणारा रीस गार्डनर हा अमेरिकनच होता, ही गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते त्याहून अधिक वेळा सांगितली जावयास हवी.

ही कसोटी लावली की यादी बदलते. पेनसिल्व्हेनियातील ईरी गावचा जिमी कार अवघ्या सतराव्या वर्षी १९७२ च्या ऑलिंपिक संघात होता. स्थलांतरित मेक्सिकन कुटुंबातला हेन्री सेहूडो ॲरिझोनात दोन आणि कोलोरॅडोत दोन अशी चार शालेय विजेतेपदे घेऊन थांबला नाही. २००६ साली, शाळेत असतानाच, त्याने प्रौढांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, आणि दोन वर्षांनी बीजिंगचे सुवर्णपदक. आणि सेहूडोच्या कितीतरी आधी, १९७७ साली, कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो हायस्कूलचा एक दाढीवाला, मवाळ स्वभावाचा, वाचनदोषामुळे वर्गात मागे पडणारा मुलगा होता, त्याचे नाव डेव्ह शुल्ट्झ.

शुल्ट्झच्या नावावर राज्याचे विजेतेपद एकच आहे. चौकडीवीरांच्या यादीत तो नाही, अजिंक्यांच्या यादीत नाही. तो शेजारच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मल्लांत जाऊन सराव करी, डाव पाहून घेई, मोडून पाही, पुन्हा जोडी. आणि शाळेच्या शेवटच्या वर्षी त्याने प्रौढांच्या एका स्पर्धेत चक यागला या दोनदा राष्ट्रीय विजेता झालेल्या महाविद्यालयीन मल्लास हरवले. तेवढ्यावर न थांबता तो सोव्हिएत संघातील तिबिलिसीला गेला. जगज्जेते सोव्हिएत मल्ल घरच्या प्रेक्षकांपुढे एकमेकांशी जेथे लढत, आणि जागतिक स्पर्धेपेक्षा जी अवघड असे जाणकार म्हणत, त्या स्पर्धेत कॅलिफोर्नियाच्या या शाळकरी मुलाने रौप्यपदक मिळवले. मग परत येऊन, जणू राहिलेला गृहपाठ उरकावा तसे, राज्याचे विजेतेपद घेतले. पुढे १९८३ साली तो जागतिक विजेता झाला, १९८४ साली लॉस एंजेलिस येथे तो आणि त्याचा धाकटा भाऊ मार्क या दोघांनी ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली, आणि २६ जानेवारी १९९६ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या एका कोट्यधीश आश्रयदात्याने आपल्याच इस्टेटीत त्याला गोळ्या घालून ठार केले. ज्या रशियन व जॉर्जियन मल्लांविरुद्ध तो आयुष्यभर लढला, त्यांची भाषा तो शिकला होता आणि तेथले प्रेक्षक त्याला आपला मानीत.

स्टिलवॉटर येथील राष्ट्रीय कुस्ती स्मारक संस्था त्याच वर्षापासून शालेय मल्लांस त्याच्या नावाने पुरस्कार देते, आणि तो देताना विजयांबरोबरच अभ्यास व नागरिक म्हणून वर्तणूकही पाहते. वर्गात अक्षरांशी झगडणाऱ्या मुलाच्या नावाने अभ्यासाची कसोटी लागावी, यात थोडी गंमत आहे. शुल्ट्झला ती नक्की कळली असती.

सेहूडोचे चाहते म्हणतील की त्याने प्रौढांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, शुल्ट्झने तिबिलिसीत केवळ रौप्य मिळवले. त्याला उत्तर असे, की सेहूडो व स्नायडर या दोघांच्याही पाठीशी राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र, तेथील निवास, खुराक आणि निष्णात जोडीदार यांचे बळ होते. शुल्ट्झने जे केले ते एका साध्या सरकारी शाळेच्या विद्यार्थ्याने, शाळा सांभाळून, स्वतःच्या जिज्ञासेच्या बळावर केले. कोलॅटचे चाहते म्हणतील की १३७ वेळा कोणी त्याला हरवू शकले नाही. खरे आहे, शाळांच्या आपसांतील कुस्तीत त्याच्याएवढा मोठा मल्ल झाला नाही, आणि त्या मर्यादित अर्थाने पहिला मान त्याचाच. परंतु शाळकरी वयातल्या मुलाने कुस्तीत कोठवर मजल मारली हा प्रश्न असेल, तर प्रस्तुत लेखकाचा फैसला असा: प्रथम डेव्ह शुल्ट्झ, द्वितीय काइल स्नायडर, तृतीय हेन्री सेहूडो, आणि चौथ्या स्थानी, १३७–० सह, केरी कोलॅट. गेबलचे नाव या यादीत नाही. त्याची यादी वेगळी आहे आणि तीत तो एकटाच आहे.